शिप्रा आणि पुवा

हिब्रू बायबलमधील निर्गम ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आलेल्या दोन सुइणी. इस्रायली लोकांची वाढती संख्या पाहून धास्तावलेल्या फारोने, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाने, त्यांना हुकूम दिला : बाळंतपणात मुलगा दिसला तर मारा, मुलगी असेल तर राहू द्या. दोघींनी मुलगे जगवले. जाब विचारल्यावर, इब्री (इस्रायली) बायका धडधाकट, आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात, असे त्यांनी सांगितले. कथेत राजाला नाव नाही, सुइणींना आहे. निवेदकाचा कौल इथेच स्पष्ट होतो.

त्या खोटे बोलून सुटल्या, म्हणून हे धैर्य अपुरे, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. खरे बोलून त्या मेल्या असत्या, तर पुढच्या बाळंतिणीच्या उशाशी हुकूम पाळणारी सुईण बसली असती. फारोने नंतर मुलगे नदीत टाकायला लावलेच, हेही खरे. पण गुपचूप हत्येचा डाव फसल्यावर त्याला सगळ्या प्रजेसमोर हुकूम काढावा लागला. तालमूद या ज्यू ग्रंथातील एका मतानुसार या दोघी म्हणजे इस्रायलींचा नेता मोशे याची आई योखेबेद आणि बहीण मिर्याम; काही भाष्यकारांना त्या मिसरी वाटतात. दुसरे मत अधिक मोलाचे, कारण मग त्यांनी परक्यांच्या लेकरांसाठी जीव धोक्यात घातला असे ठरते. ‘वरून हुकूम होता’ ही सबब नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यात (1945–46) फेटाळली गेली. या सुइणींनी ती मुळात पुढेच केली नव्हती.