फाट्यावरचा आवाज आणि सरकारचा कान

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. धुळे–सोलापूर महामार्ग इथून जातो आणि पैठणकडे जाणारा फाटाही इथेच आहे. 29 ऑगस्ट 2023 रोजी या फाट्यावर मराठा आरक्षणासाठी जनआक्रोश मोर्चा झाला आणि त्याच दिवशी मनोज जरांगे पाटील जवळच्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले. आधीच्या कितीतरी उपोषणांसारखंच हेही एक, असं तेव्हा वाटत होतं. 1 सप्टेंबरला पोलिसांनी तिथे लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. दगडफेकीत पोलिसही जखमी झाले. लोकांच्या मोबाइलमधली दृश्यं रात्रीपर्यंत राज्यभर पोचली. 4 सप्टेंबरला गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. 7 सप्टेंबरला शासन निर्णय निघाला: ज्यांच्याकडे निजामकालीन कुणबी नोंदी आहेत त्यांना प्रमाणपत्रं द्यायची, आणि कार्यपद्धती ठरवायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती.

लाठी पडल्यापासून कागद निघेपर्यंत सहा दिवस. त्याआधी याच मागणीसाठी 2016 नंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले होते, आयोग बसला होता, 2018 चा कायदा झाला होता आणि 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दही केला होता. त्या सगळ्यात युक्तिवाद भरपूर होता. सरकारला धावत आणलं ते मात्र काही सेकंदांच्या चित्रफितींनी.

मला या घटनाक्रमात अडकवून ठेवतो तो शासन निर्णयातला एक शब्द: निजामकालीन. ज्या राजवटीने इथल्या माणसाची जात कागदावर टिपून ठेवली, त्या राजवटीला या माणसाचं मत ऐकायची गरज कधी वाटली नव्हती. नोंद ठेवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. गोदाकाठच्या या पट्ट्यातून सरकारपर्यंत लोकांचं म्हणणं कोणत्या वाटेने गेलं, वाटेत त्यातलं काय गळलं, हे पाहिलं की 2023 चे ते सहा दिवस जरा वेगळे दिसू लागतात.

1941 साली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लाख होती. प्रजा बहुतांशी तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, कारभार उर्दूत. सरकारला जाब विचारील असं लोकांनी निवडलेलं विधिमंडळ नव्हतं. ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाने सभा भरवायची तर आधी परवानगी घ्यावी लागे. सीमेपलीकडच्या मुंबई इलाख्यात इंग्रजांचं राज्य काही मायाळू नव्हतं. टिळकांना 1897 आणि 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्याच. पण 1881 पासून ‘केसरी’ निघत होता, वाचला जात होता, आणि सरकारही तो भाषांतर करून घेऊन वाचत होतं. संपादकाला तुरुंगात टाकणारं सरकार निदान संपादक आहे हे तरी मान्य करतं. संस्थानातल्या मराठवाड्यात ही सोयही अवघडच होती.

म्हणून 1937 साली दोन गोष्टी घडल्या. एक परतूरला, दुसरी पुण्याला.

परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आज जालन्यात आहे. तिथे महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गोविंदराव नानल. परिषदेच्या मागण्या पाहिल्या तर आज त्या बेताच्या वाटतात: नागरी स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, हळूहळू जबाबदार राज्यपद्धती. पण जिथे सभेलाच परवानगी लागते तिथे अधिवेशन भरवणं हाच मोठा ठराव होता. परतूर, मग लातूर, मग उमरी अशी ही परिषद गावं बदलत गेली आणि त्या त्या ठिकाणी आलेल्या माणसांना पहिल्यांदा कळलं की आपली तक्रार शेजारच्या जिल्ह्यातही आहे. जनमत म्हणतात त्याची सुरुवात इतकी साधी असते. प्रत्येकाची वेगळी गाऱ्हाणी असतात तोवर सरकारला भीती नसते.

पुण्याला त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढलं. मराठवाड्याचं पत्र पुण्याहून का, याचं उत्तर वरच आलं आहे. अंक संस्थानात यायचा, सरकार बंदी घालायचं, मग तोच मजकूर नव्या नावाने छापला जायचा. बंदी नावावर असायची आणि नाव बदलायला फार वेळ लागत नाही. एक वेबसाइट बंद केली की दुसऱ्या पत्त्यावर तीच उघडते, हा प्रकार आमच्या पिढीला नवा वाटतो एवढंच.

या वाटेने जे सरकारपर्यंत पोचलं ते अर्थातच शिकलेल्या, मराठी वाचणाऱ्या, बहुधा वकील-शिक्षक वर्गाचं म्हणणं होतं. शहागडच्या कुळाचं किंवा सालगड्याचं म्हणणं त्यात किती होतं? थोडंच. तरीही त्या वर्गाने जोखीम घेतली हे विसरून चालणार नाही. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. आणि सर्वांत मोठी किंमत दिली ती हैदराबादच्या एका उर्दू संपादकाने. ‘इमरोज’चे शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारलं आणि लिहिता हात तोडला. मुक्तिसंग्रामाची गोष्ट हिंदू प्रजा विरुद्ध मुसलमान राजा एवढ्यावर आटोपणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं.

पुढे 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलिस कारवाई. निजामाच्या शरणागतीची बातमी रेडिओवरून गेली. ज्या सरकारने लोकांना बोलू दिलं नाही, त्याला शेवटी लोकांशी बोलायला यंत्र लागलं.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं ते कोणत्याच यंत्रावर आलं नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. तिचा अंदाज 27 ते 40 हजार मृत्यूंचा होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बिदर आणि नांदेड होते. अहवाल दडवला गेला. अनेक दशकं तो लोकांना वाचायला मिळाला नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक वाईट सवय आहे: लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे बिघाड झालाच नाही असं धरून पुढे जायचं. नव्या लोकशाही सरकारने पहिल्याच परीक्षेत तेच केलं. मुक्तीचा आनंद सांगायला वर्तमानपत्रं होती, मेलेल्यांच्या बाजूने बोलायला एकही ठळक मथळा नव्हता. जनमत तयार झालं नाही, म्हणून सरकारवर दबाव आला नाही.

स्वातंत्र्यानंतर ‘मराठवाडा’ औरंगाबादेत आला आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली मोठा झाला. शहागड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. जालना जिल्हा 1 मे 1981 चा. रेल्वे, पाणी, नोकऱ्या, अनुशेष हे शब्द या पत्राने मुंबईच्या कानावर इतक्या वेळा घातले की ते प्रदेशाचे शब्द झाले. 1974 च्या विकास आंदोलनात वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मेले. पुढच्याच वर्षी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, मराठवाड्यातून त्या पदावर गेलेले पहिले. आणीबाणीत भालेराव तुरुंगात होते. सरकारपुढे न वाकणारा संपादक म्हणून त्यांच्याविषयी आदर आहे आणि तो योग्यच आहे.

त्यामुळेच 1978 ची गोष्ट जास्त टोचते. 27 जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. ‘मराठवाडा’ने नामांतराला विरोध केला होता, प्रदेशाचं नाव ही त्याची अस्मिता आहे असा त्यांचा युक्तिवाद होता. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले नेतेही त्याच बाजूला होते. हा युक्तिवाद मांडणाऱ्यांनी हिंसाचार केला असं मी म्हणत नाही. पण सरकारच्या टेबलावर त्या दिवसांत दोनच गोष्टी होत्या: एक, विभागातल्या सर्वांत वजनदार दैनिकाचा विरोध, दोन, जळणारी गावं. दोन्ही मिळून सरकारने ‘मराठवाड्याचं जनमत’ असा निष्कर्ष काढला आणि ठराव बासनात गेला.

ज्यांची घरं जळत होती तेही मराठवाड्यातलेच होते. त्यांचं मत मोजलं गेलं नाही. त्यांना आवाज नव्हता असंही नाही. त्याच औरंगाबादेत गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ काढत होते आणि दलित साहित्यातली एक अख्खी पिढी त्यात लिहीत होती. पण ते त्रैमासिक होतं. मंत्रालयात सकाळी दैनिकांची कात्रणं जातात, त्रैमासिकांची जात नाहीत. 1979 चा लाँग मार्च, तुरुंगवास, आणखी बळी आणि साडेपंधरा वर्षं गेल्यावर 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला.

अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन याने 1922 साली ‘पब्लिक ओपिनियन’ नावाचं पुस्तक लिहिलं. माणूस प्रत्यक्ष जगाशी व्यवहार करत नाही, डोक्यात तयार झालेल्या जगाच्या चित्राशी करतो, असा त्याचा रोख. लिपमनला चिंता नागरिकांची होती. मला वाटतं सरकारच्या डोक्यातही असंच चित्र असतं, आणि ते ज्या माध्यमातून येतं त्याच्या मापाचं असतं. पुण्याहून छापून आलेल्या साप्ताहिकात जेवढं मावलं तेवढं निजामाला दिसलं. दैनिकात मावलं तेवढं 1978 च्या सरकारला दिसलं.

मोबाइलमध्ये काय मावतं? लाठी मावते, रक्ताळलेलं डोकं मावतं, आणि 14 ऑक्टोबर 2023 ला अंतरवालीत जमलेला जनसागर ड्रोनमधून उत्तम मावतो. संपादकाची मर्जी लागत नाही, हे मोठं पाऊल आहे. 1978 साली वस्तीतल्या पोराच्या खिशात फोन असता तर ठराव बासनात टाकणं इतकं सोपं गेलं नसतं. पण पाऊस नसलेल्या मृगात घेतलेलं कर्ज, कापसाचा भाव, वाटण्या होऊन दोन एकरांवर आलेलं शेत, म्हणजे जिच्यातून आरक्षणाची मागणी उभी राहिली ती सगळी परवड, त्या चौकटीत मावत नाही. आणि शेजारी मावत नाही. 17 नोव्हेंबर 2023 ला अंबडला ओबीसींची प्रचंड सभा झाली, छगन भुजबळ बोलले. जून 2024 मध्ये अंतरवालीजवळच, महामार्गावरच्या वडीगोद्रीत, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषणाला बसले. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर दोन मांडव. दोन्हीकडे शेतकरीच. दोन्हीकडे मंत्री आले, दोन्हीकडे आश्वासनं दिली गेली. ज्याच्या फोनवर जी बाजू यायची त्याला तेवढंच महाराष्ट्राचं जनमत वाटायचं, आणि शहागडच्या बाजारात वर्षानुवर्षं एकाच टपरीवर चहा पिणारे लोक हॉटेलं बदलू लागले.

सरकारने दोन्ही मांडवांचं ऐकलं असं कोणी म्हणेल. माझ्या मते त्याने दोन्हीकडची गर्दी पाहिली. ऐकलं असतं तर दोघांना एकाच वेळी खरी ठरू न शकणारी वचनं दिली नसती.

ऑगस्ट 2025 च्या शेवटी आंदोलन मुंबईच्या आझाद मैदानावर पोचलं आणि 2 सप्टेंबरला आणखी एक शासन निर्णय निघाला. त्यात हैदराबाद गॅझेटियरचा आधार आहे. शेतजमिनीचा पुरावा नसेल त्या माणसाने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी तो किंवा त्याचे पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. गावपातळीवर तिघांची समिती चौकशी करील: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. गावातल्या, कुळातल्या नातेवाइकांचे जबाब ते नोंदवतील. मैदानावरून कॅमेरे दुसऱ्या दिवशी उठले. कोणाचा पणजोबा कोण होता हे आता ग्रामपंचायतीच्या खोलीत, या तिघांसमोर सांगायचं आहे, आणि बाहेरच्या बाकावर ज्याने सांगू नये असं वाटणारा शेजारीही बसलेला असणार आहे.