सोडियम-आयन बॅटरी : हौशी वापर

लिथियमऐवजी सोडियमच्या आयनांवर चालणारी, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी. चार्ज करताना आयन धनाग्राकडून ऋणाग्राकडे जातात आणि वीज वापरताना परत फिरतात. म्हणजे घडण लिथियम-आयनचीच, ये-जा करणारा मात्र दुसरा, आणि तो अंगाने दांडगा. सोडियमचा अणुभार 23, लिथियमचा 7. त्यामुळे तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते. भूकवचात सोडियम अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, लिथियम मात्र दर दहा लाख भागांत जेमतेम वीस भाग. सोडियमचा सारा भाव आहे तो या मुबलकतेमुळे.

लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. सोडियम मागे पडला तो ऋणाग्रातल्या ग्रॅफाइटमुळे. ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम सहज शिरतो, सोडियमला तिथे थारा मिळत नाही. 2000 साली कॅनडातील स्टीव्हन्स आणि डान यांनी हार्ड कार्बन या वेड्यावाकड्या रचनेच्या कार्बनमध्ये सोडियम चांगला साठतो हे दाखवले आणि वाट मोकळी झाली. हा कार्बन नारळाच्या करवंट्यांपासूनही करतात. करवंट्यांचा कोळसा हवा न लागू देता हजार अंश सेल्सियसच्या वर तापवावा लागतो. कोकणात बंबाखाली जाणाऱ्या करवंटीला एवढा मान मिळेल असे कोणाला वाटले नसेल.

इंग्लंडमधील शेफील्डच्या फॅराडियन (स्थापना 2011) या कंपनीने हे तंत्र पुढे नेले. ती रिलायन्स समूहाने विकत घेतली. चीनच्या सीएटीएलने 2021 मध्ये किलोमागे 160 वॉट-तास ऊर्जेचा सेल जाहीर केला. पुण्यात केपीआयटी टेक्नॉलॉजीजने आयसर, पुणे या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये लोकांपुढे ठेवले.

हौशी माणसाने आधी एक आशा सोडावी : ही बॅटरी उडवण्यासाठी नाही. ड्रोन किंवा रेडिओ-नियंत्रित विमानात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो. 18650 मापाचा (18 मिमी व्यास, 65 मिमी लांबी) सोडियम सेल साधारण दीड अँपिअर-तासाचा, सरासरी 3.1 व्होल्टचा, म्हणजे साडेचार वॉट-तासांच्या जवळपास असतो. त्याच मापाचा चांगला लिथियम सेल दहाच्या पुढे जातो. मात्र जे टेबलावर, गच्चीत किंवा बागेत एका जागी बसून काम करते, त्याला वजनाचे सोयरसुतक नाही : सौर दिवा, हवामान नोंदवणारा डबा, हॅम रेडिओचा संच.

इथे तिचा खरा गुण दिसतो. लिथियम सेलमध्ये ऋणाग्राखाली तांब्याची पत्री असते. सेल पार रिकामा झाला की तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट होण्याची भीती असते. सोडियमची ॲल्युमिनियमशी लिथियमसारखी मिश्रधातू होत नाही, म्हणून दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालते आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवूनही ठेवता येतो. खणात वर्षभर विसरलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगलेली सापडणे हा ज्यांचा अनुभव आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. थंडीतही सोडियम बॅटरी लिथियमपेक्षा कमी कुरकुरते. अर्थात शून्यावर ठेवण्याची मुभा प्रत्येक उत्पादक देतोच असे नाही, माहितीपत्रक पाहावे.

अडचण व्होल्टेजची. धनाग्रात थरयुक्त ऑक्साइड असलेल्या सेलमध्ये ते पूर्ण भरल्यावर 4.0 आणि रिकामे होताना 1.5 इतके घसरते. मल्टिमीटर लावून किती चार्ज उरला याचा अंदाज येतो ही सोय, पण 3.3 व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला मधे बक-बूस्ट (व्होल्टेज गरजेप्रमाणे उतरवणारे-चढवणारे) सर्किट लागते. चार सेल ओळीने जोडले की बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी बदलल्यासारखे वाटते. भरल्यावर मात्र ते सोळा व्होल्ट होतात आणि 13.8 व्होल्टसाठी बनवलेल्या रेडिओला ते पेलेलच असे नाही. लिथियमचा 4.2 व्होल्टचा चार्जर यांना लावू नये. लिथियमचे संरक्षक सर्किट लावले तर ते तीन-अडीच व्होल्टलाच पुरवठा तोडते आणि बरीच ऊर्जा आतच राहते. दिसायला दोन्ही सेल सारखेच, तेव्हा आवरणावर ठळक ‘सोडियम’ लिहून ठेवणे बरे.

‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण जपून वापरावे. कोबाल्ट नसतो हे खरे, पण काही प्रकारांत निकेल असते, काहींत व्हॅनेडियम. लोखंडावर आधारलेले धनाग्र, विशेषतः प्रशियन ब्लू या चित्रकारांच्या जुन्या निळ्या रंगाच्या जातीचे, त्या मानाने निर्मळ. विद्युत्-विच्छेद्य मात्र बहुधा ज्वलनशील सेंद्रिय द्रवातच असते, त्यामुळे मिठाच्या नात्याने ही बॅटरी पेट घेत नाही हा समज चुकीचा आहे. पुनर्वापराचे गणितही उलटे पडते : लिथियम सेलमधले तांबे, कोबाल्ट काढून विकता येते, इथे आतला माल स्वस्त असल्याने तो सोडवण्यात कमाई थोडी. भारतात 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, रसायन कोणतेही असो.