१९६५ : एक गाजलेला कायदा, एक दुर्लक्षित कायदा

अमेरिकेच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासातील निर्णायक वळणे कोणती, असे विचारले की केनेडी यांची हत्या, व्हिएतनामचे युद्ध, वॉटरगेट, २००१ सालचा ११ सप्टेंबर आणि २००८ सालची ओबामांची निवड ही उत्तरे ठरलेली असतात. त्यांत चूक काही नाही. मात्र अशा यादीत नाट्यमय घटनांना जागा मिळते आणि कायद्यांना सहसा मिळत नाही. मत कोणी द्यायचे आणि देशात कोणी यायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे बदलली की राष्ट्राचे स्वरूपच बदलते. अमेरिकेने ही दोन्ही उत्तरे १९६५ या एकाच वर्षात, दोन महिन्यांच्या अंतराने बदलली. पहिला कायदा जगभर गाजला. दुसऱ्याची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांचा संबंध दुसऱ्याशी येतो. पण तो नीट समजून घ्यायचा तर आरंभ पहिल्यापासूनच करावा लागतो.

वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य यांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, ही तरतूद अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० मध्येच आली होती. तीनच वर्षांनी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या कार्याच्या सन्मानार्थ अर्पण केला. फुल्यांनी आशेने पाहिलेली ती अमेरिका लवकरच माघारी फिरली. १८७७ नंतर दक्षिणेकडील राज्यांवरचा केंद्राचा धाक सरला आणि तेथे मतदान-कर, साक्षरतेची परीक्षा अशा युक्त्या निघाल्या. घटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगा, असे कृष्णवर्णीय अर्जदाराला विचारायचे. उत्तर बरोबर की चूक, हे गोऱ्या नोंदणी अधिकाऱ्याने ठरवायचे. अलाबामातील सेल्मा ज्या परगण्यात आहे, तेथे निम्म्याच्या आसपास वस्ती कृष्णवर्णीयांची होती. परंतु १९६५ च्या आरंभी त्यांच्यातील मतदार म्हणून नोंदलेल्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या घरात होते.

७ मार्च १९६५ रोजी सुमारे ६०० माणसे सेल्माहून राजधानी माँटगोमरीकडे पायी निघाली. गावाबाहेरच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. अग्रभागी असलेल्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुइस यांच्या कवटीला तडा गेला. तो प्रसंग त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचला. आठवडाभरातच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढे मताधिकार कायद्याची मागणी केली आणि ६ ऑगस्टला त्यावर सही झाली.

या कायद्याचे मर्म एका व्यावहारिक तरतुदीत होते. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घेतलीच पाहिजे, अशी ही तरतूद होती. अन्याय घडल्यावर वर्षानुवर्षे खटले लढवण्याऐवजी तो घडण्याआधीच अडवण्याची सोय झाली. मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी कायद्यापूर्वी ६.७ टक्के होती. १९६७ पर्यंत ती ५९.८ टक्क्यांवर गेली. पुढे २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, ही संमती कोणत्या राज्यांनी घ्यायची हे ठरवणारे सूत्र रद्द केले. दक्षिण बदलली आहे आणि जुन्या आकड्यांवर आजची राज्ये तोलता येणार नाहीत, असे बहुमताचे म्हणणे होते. पावसात भिजत नाही म्हणून छत्री टाकून देण्यातलाच हा प्रकार, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमत नोंदवताना सुचवले. निकालाच्याच दिवशी टेक्सासने पूर्वी अडवला गेलेला ओळखपत्राचा कायदा अमलात आणण्याचे जाहीर केले.

आता दुसरा कायदा. १९१७ पासून भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून अमेरिकेत स्थलांतर करण्यास बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्वाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोरे ठरतो, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक राष्ट्राचा वाटा ठरवून दिला, तोही सुरुवातीला १८९० च्या जनगणनेच्या आधारे, म्हणजे उत्तर व पश्चिम युरोपचे पारडे जड राहील अशा बेताने. १९४६ मध्ये भारताच्या वाट्याला वर्षाकाठी १०० जागा आल्या.

१९२४ च्या कायद्याला विरोध करणाऱ्यांत ब्रुकलिनचे तरुण प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर होते. चार दशकांनंतर तेच प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा, मताधिकार कायदा व स्थलांतराचा नवा कायदा ही तिन्ही विधेयके त्यांच्याच हातून पुढे गेली. स्थलांतर कायद्यामागे शीतयुद्धातील प्रतिष्ठेचा प्रश्न होता, दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्यांचा दबाव होता, हे खरे. तथापि मतपेटीपाशी वंश पाहायचा नाही असे ठरवल्यावर बंदरावर तो पाहत राहणे अवघड झाले होते.

३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही करताना जॉन्सन यांनीच हा क्रांतिकारक कायदा नव्हे, असे सांगितले. मायकेल फीगन या प्रतिनिधींनी नातेवाइकांना अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला होता, तो आहे त्याच वस्तीचे आप्त येतील आणि युरोपीय तोंडवळा टिकेल या हिशेबाने. हिशेब उलटला. सुस्थितीत आलेला पश्चिम युरोप आला नाही. आशियातील डॉक्टर, अभियंते, संशोधक आले आणि मग त्याच अग्रक्रमाने त्यांचे आप्तही. १९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते. २०२० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ४० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ याच प्रवाहातून उभे राहिले. याच कायद्याने पश्चिम गोलार्धावर प्रथमच मर्यादा घातली आणि मेक्सिकोहून पूर्वापार ये-जा करणारा मजूर हळूहळू ‘बेकायदा’ ठरत गेला, ही त्याची दुसरी बाजू.

परदेशस्थ मराठी माणसाच्या कथा-आत्मकथनांत एक सूत्र वारंवार आढळते : बुद्धी, कष्ट आणि खिशातले मोजके डॉलर यांच्या बळावर आपण येथवर आलो. कष्ट खरेच होते, त्यांचा अनादर आम्हाला करायचा नाही. पण बुद्धी आणि कष्ट १९६४ मध्येही होते. दार तेव्हा बंद होते. ते उघडण्याची हवा ज्यांनी निर्माण केली, त्यांच्यात पुलावर डोकी फुटलेली माणसे होती. शिवाय, पदवीधरांनाच आत घेणाऱ्या त्या निवडीआधी आपल्याकडे एक निवड होऊन गेली होती. पदवी कोणाच्या घरापर्यंत पोचली होती, हे जातीने बरेचसे ठरवले होते. या ऋणाचा उल्लेख त्या लेखनात क्वचितच येतो. याउलट, १९७२ मध्ये मुंबईत आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव देणाऱ्या तरुणांनी नाते नेमके ओळखले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परदेशस्थांचे साहित्य शिकवताना विद्यार्थ्यांपुढे १८७३ ची फुल्यांची अर्पणपत्रिका आणि १९२३ चा थिंद खटला शेजारी-शेजारी ठेवावेत. एकाने अमेरिकेकडे पाहून दास्यमुक्तांशी नाते जोडले, दुसऱ्याने उच्चवर्णाचा दाखला पुढे केला. आपल्या हातातले पुस्तक या दोहोंपैकी कोणाच्या जवळ उभे आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.