संगणक येण्याआधीची पुनर्रचना : नगरचा लखीना पॅटर्न

ई-सेवांवर संशोधन करायचं म्हटलं की इतिहासाचं प्रकरण बहुतेकदा २००६ पासून सुरू होतं. त्या वर्षी राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली आणि 'शासकीय प्रक्रियांची पुनर्रचना' हा शब्दप्रयोग सरकारी कागदांत रुळला. थोडं मागे जाणारे १९९० पर्यंत पोचतात. त्या वर्षी मायकेल हॅमर यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून कंपन्यांना बजावलं होतं, की जुनी कामं नुसती यंत्रावर चढवू नका, आधी ती लागतात का ते बघा. हे सगळं बरोबर आहे. पण आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, या लेखात जुन्या काळाबद्दल बोलताना नगरच म्हणतो) हाच प्रश्न हॅमरच्या आधी विचारला गेला होता, तोही एकाही संगणकाशिवाय. त्याची साधी ओळखसुद्धा आपल्या प्रबंधांत नसते, म्हणून आज त्याबद्दल.

आधी जुनी कचेरी कशी चालायची ते पाहू. अर्ज बारनिशीत यायचा, आवक क्रमांक पडायचा, मग तो संबंधित संकलनाच्या लिपिकाकडे जायचा. लिपिक टिपणी लिहिणार, अव्वल कारकून त्यावर सही करणार, मग नायब तहसीलदार, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी असा कागद वर चढणार. निर्णय झाला की त्याच जिन्यानं खाली उतरणार. यातल्या कुठल्याही पायरीवर जुना संदर्भ हवा झाला, की रुमालात बांधलेलं दप्तर सोडायचं. दप्तर सापडलं तर ठीक, नाही तर अर्जदाराला 'पुढच्या आठवड्यात या'. नगर हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतलं अकोले, दक्षिणेला बीडच्या हद्दीला लागलेलं जामखेड. तिथून एसटीनं नगरला येणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं 'पुढच्या आठवड्यात' म्हणजे आणखी एक बुडालेला रोजगार. विलंब मोजताना आपण फाइलचे दिवस मोजतो. अर्जदाराच्या फेऱ्या क्वचितच कोणी मोजतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची जी फेररचना केली, ती पुढे 'लखीना पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. वरवर पाहिलं तर अगदी साधी कामं. साठलेल्या कागदांची छाननी, ठेवायचं काय आणि नष्ट करायचं काय याचा निवाडा, अभिलेखांची शोधता येईल अशी मांडणी, बसण्याच्या जागा आणि फर्निचर यांचा कामाच्या ओघाप्रमाणे विचार, प्रत्येक टेबलावर कोणतं काम आणि कोणत्या नियमानं चालतं ते लिहून ठेवणं, आणि लोकांसाठी एक खिडकी. अर्जदारानं टेबलं शोधत हिंडायचं नाही, कागद आतून फिरेल.

एक खिडकी हा शब्द आज इतका गुळगुळीत झालाय की त्यातला उलटापालटा आपल्याला जाणवत नाही. आधी कागद जागेवर आणि माणूस फिरता होता. आता माणूस जागेवर आणि कागद फिरता. आजचं कुठलंही पोर्टल घ्या, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे मला इथे रासायनिक गतिकी आठवते. अनेक पायऱ्यांच्या अभिक्रियेत सर्वांत संथ पायरी एकूण वेग ठरवते. बाकीच्या पायऱ्या तुम्ही कितीही जलद केल्या तरी फरक पडत नाही. (उपमा आहे, सिद्धान्त नाही, व्हायवात असं म्हणू नका.) कचेरीतली संथ पायरी कोणती? लिहिण्याचा वेग नव्हे. कागद सापडणं, हे काम कोणाचं ते ठरणं, आणि ज्यांच्या सहीनं काही बदलत नाही अशा टेबलांवर कागद थांबणं. लखीनांचा रोख या पायऱ्यांवर होता. समजा त्या वेळी कोणी नगरला शंभर संगणक दिले असते आणि बाकी सगळं तसंच ठेवलं असतं, तर टिपण्या सुबक झाल्या असत्या, एवढंच.

हा नमुना पुढे राज्यातल्या इतर कार्यालयांनाही घालून देण्यात आला. इथे मला वाटतं संशोधकानं सावध व्हावं. कुठलाही 'पॅटर्न' पसरतो तेव्हा त्याचं जे दिसतं ते आधी पसरतं. कपाटं, काउंटर, पाट्या यांची नक्कल सोपी असते. 'ही सही कशासाठी?' हा प्रश्न मात्र प्रत्येक कार्यालयाला नव्यानं विचारावा लागतो, आणि तो विचारणारा अधिकारी बदलून गेला की गठ्ठे पुन्हा वाढतात. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत आजही शिकवली जाणारी सहा गठ्ठा पद्धत बघा: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. जोडीला अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग. हे ज्ञान नवं नाही, सगळ्यांना पाठ आहे. तरीही ते राबवायला वेळोवेळी मोहिमा काढाव्या लागतात, यावरून काय ते समजा.

अधिकाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असलेली गोष्ट कायद्यात आणण्याचा रेटाही याच जिल्ह्यातून आला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन केलं, तसंच बदल्या आणि दप्तर दिरंगाईवरच्या कायद्यासाठीही. तो कायदा १ जुलै २००६ पासून लागू झाला. साधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला आणि अधिसूचित सेवांना मुदत, अपील आणि दंड जोडले गेले. त्याच वर्षी बऱ्याच कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालू लागलं. पाहायला गेलं तर हा निर्णय किरकोळ आहे, पण माझ्या मते अनेक पोर्टलांपेक्षा तो मोठा. एक अख्खी पायरीच गेली.

आता सातबारा. याच्यावर थोडं थांबतो, कारण तुमच्यातले बरेच जण हाच विषय घेणार.

गाव नमुन्यांची चौकट ब्रिटिश काळातली आहे. महसुली हिशेबांचं अँडरसन मॅन्युअल आजही जुनी मंडळी नाव घेऊन सांगतात. सातबारा संगणकावर आला तेव्हा पहिल्यांदा झालं काय, तर तोच नमुना छापील मिळू लागला. १ मे २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीनं मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्यामागे फिरणं कमी झालं. पण उतारा हे प्रक्रियेचं शेवटचं टोक. मालकी बदलली की ती सातबाऱ्यावर येते ती फेरफारातून, आणि अडतं ते तिथे.

जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ प्रमाणे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयानं महसूल खात्याला कळवायचं असतं. कागदाच्या काळात ही सूचना वाटेत रेंगाळायची आणि खरेदीदारच दस्ताची नक्कल घेऊन तलाठ्याकडे जायचा. ई-फेरफारात दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती थेट महसूल यंत्रणेत जाते आणि फेरफाराची कार्यवाही सुरू होते. म्हणजे सुरुवात करण्याची जबाबदारी शेतकऱ्याकडून यंत्रणेकडे गेली. पुनर्रचना म्हणायची ती याला. ऑगस्ट २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत बरोबर उलटी दिशा आहे: पिकाची नोंद तलाठ्याच्या हातून शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. दोन्हींना आपण 'डिजिटल' म्हणतो, पण एकात काम सरकारनं अंगावर घेतलं, दुसऱ्यात नागरिकावर सोपवलं. हा भेद तुमच्या तक्त्यात स्वतंत्र रकान्यात असायला हवा.

आणि एक पायरी अशी आहे की ती संथ आहे, तरी तिला हात लावताना दहादा विचार करावा लागेल. फेरफाराची नोंद घेतल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कार्यक्षमतेच्या आलेखावर हे पंधरा दिवस निव्वळ वाट पाहण्याचे दिसतात. पण वारसनोंदीच्या प्रकरणात, भावांनी अर्जात नाव न घातलेल्या, दुसऱ्या तालुक्यात दिलेल्या बहिणीला बोलायला तेवढाच वेळ असतो. तिच्यापर्यंत नोटीस पोचतच नसेल तर दोष मुदतीचा नाही, नोटीस पोचवण्याच्या पद्धतीचा आहे. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं, हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळतो का ते गावासमोर वाचून पाहिलं गेलं. एवढी ऑनलाइन यंत्रणा उभी करताना शेवटी तपासणीसाठी चावडीवर जावं लागलं, याचं मला हसू येत नाही; उलट ती पायरी कोणी विचार करून घातली असं वाटतं.

तेव्हा तुमच्या आराखड्यात सेवेचे सरासरी दिवस लिहिण्याआधी एका प्रकरणाचा पूर्ण रस्ता कागदावर काढा: अर्ज कुठून निघाला, किती टेबलांवर थांबला, कुठल्या टेबलावर त्यात खरोखर काही भर पडली, आणि कुठे तो कोणाचं तरी म्हणणं ऐकण्यासाठी थांबवला होता. शेवटचे दोन प्रकार वेगळ्या रंगानं रंगवा. आवक-जावक नोंदवह्या आणि फेरफार नोंदवह्यांत यातलं बरंचसं सापडतं. परवानगीसाठी पत्र लवकर द्या, मार्चअखेरीस कोणत्याही कचेरीत कोणालाही वेळ नसतो.