परवलीचा शब्द व कुलुपाची वही

इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें रोमन सैन्याच्या छावणीचें जें वर्णन केलें आहे, त्यांत रात्रीचा परवलीचा शब्द सर्वत्र कसा पोंचविला जाई याची हकीकत मोठ्या बारकाईनें दिली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास छावणीच्या टोंकाला असलेल्या तुकडींतील एक शिपाई सेनाधिकाऱ्याच्या तंबूपाशीं जाई. तेथें त्याला त्या रात्रीचा शब्द लिहिलेली लांकडी पाटी मिळे. ती साक्षीदारांसमक्ष शेजारच्या तुकडीच्या नायकाच्या हातीं जाई, त्याच्याकडून त्याच्या पलीकडच्याकडे. आणि असें होत होत अंधार पडण्यापूर्वीं ती पुन्हां मूळच्या तंबूंत आलीच पाहिजे असा दंडक होता. एखादी पाटी परत आली नाहीं, तर तिच्यावरील खुणेवरून ती कोठें अडली हें कळे, आणि दोषी ठरेल त्याला शासन होई.

या हकीकतींत तीन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. तो शब्द सगळ्या छावणीचा मिळून एक असे. त्याचें आयुष्य एका रात्रीपुरतें असे. आणि तो चक्क लिहून दिलेला असे. उजाडेपर्यंत तेवढा ध्यानांत ठेव, याहून अधिक मागणी कोणा शिपायाकडे केली जात नसे. आज आपण ज्याला परवलीचा शब्द किंवा पासवर्ड म्हणतों, तो या तिन्ही बाबतींत नेमका उलट आहे. तो एकट्याचा असतो, वर्षानुवर्षें चालतो, आणि तो लिहून ठेवणें हें पाप मानलें जातें. शिवाय तो एक नसतो. बँक, विमा, प्राप्तिकर, विजेचें बिल, रेल्वेचें तिकीट, मुलांची फी, अशा प्रत्येक व्यवहाराला निराळा. नांव तेवढें छावणींतून आलें. तिची व्यवस्था मागेंच राहिली. या शब्दांच्या चोऱ्या होतात तेव्हां लोकांच्या आळसाला दोष देण्याची रीत पडून गेली आहे. आमच्या मतें ती इतिहासाला धरून नाहीं.

संगणकाला परवलीचा शब्द प्रथम कोणी लावला हें जवळजवळ निश्चित सांगतां येतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकच यंत्र अनेकांना एकाच वेळीं वापरतां यावें अशी योजना तयार केली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत तिचें पहिलें प्रात्यक्षिक दाखविलें. यंत्र सर्वांचें, पण त्यांतील कागदपत्र ज्याचे त्याचे. तेव्हां प्रत्येकाच्या दप्तराला एक शब्दाचें कुलूप घालावें, हा उपाय त्यांना साहजिकच सुचला. फार मोठी गुप्तता राखावयाची होती असें नाहीं. वापरणारे सगळे एकाच संस्थेंतले, आणि लक्षांत ठेवावयाचा शब्द एकच. तरीहि त्या कुलुपाचा भंग व्हावयास वेळ लागला नाहीं. ॲलन शेर नांवाच्या संशोधकाच्या वांट्याला यंत्राचे आठवड्याचे चारच तास आले होते व ते त्याला पुरत नव्हते. १९६२ च्या सुमारास त्यानें एक छिद्रित कार्ड यंत्राकडे पाठवून सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली, आणि इतरांच्या नांवानें काम केलें. पुढें १९६६ च्या सुमारास तर चोराचीहि गरज पडली नाहीं. दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निरनिराळे कागद दुरुस्त करीत होते. यंत्रानें त्यांची अदलाबदल केली. आणि रोजच्या सूचनेच्या जागीं सगळ्यांचे परवलीचे शब्द जो येईल त्याच्यासमोर झळकूं लागले. कॉर्बाटो यांनीं हा प्रसंग आपल्या ट्यूरिंग-पुरस्काराच्या व्याख्यानांत स्वतःच सांगितला आहे. या दोन्ही प्रसंगीं शब्द सोपा होता कीं अवघड, याचा कांहीं संबंध नव्हता. यादी ज्याच्या ताब्यांत होती, त्याच्याकडून ती फुटली.

तेव्हां यादी ठेवूंच नये, ही पुढची पायरी. केंब्रिज येथील रॉजर नीडहॅम यांना सुचलेली युक्ति मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या ग्रंथांत आली आहे. शब्द न साठवतां त्याचें दळण साठवावें, असें तिचें मर्म सांगतां येईल. त्याच दाण्याचें दरवेळीं तेंच पीठ निघतें, पण पिठावरून दाणा परत मिळत नाहीं. १९७९ सालीं बेल प्रयोगशाळेंतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं त्या पिठांत प्रत्येकाच्या नांवें निराळी चिमूट टाकण्याची पद्धत वर्णिली. तिला त्यांनीं नांवहि ‘मीठ’ असेंच दिलें! त्याच लेखांत त्यांनीं लोकांचे ३२८९ शब्द तपासून पाहिले. त्यांपैकीं २८३१, म्हणजे शेंकडा ८६, एक तर फार आंखूड होते किंवा कोशांत सांपडणारे होते. या मॉरिसांच्याच मुलानें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं सोडलेला प्रसिद्ध ‘किडा’ अनेक मार्गांनीं यंत्रांत शिरला. त्यांतला एक मार्ग ४३२ शब्दांची यादी घेऊन कुलुपें चांचपून पाहण्याचा होता.

दोषाचें खापर लोकांवर फुटूं लागलें तें येथपासून. २००३ सालीं अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेकरितां बिल बर यांनीं लिहिलेल्या मार्गदर्शिकेनें मोठीं अक्षरें, अंक व चिन्हें मिसळण्याचा दंडक जगभर रूढ केला. लोकांनीं तो पाळलाहि. पण पहिलें अक्षर मोठें आणि शेवटीं एक आंकडा, अशा ठराविक रीतीनें, कीं चोरानें तेवढें आधींच हेरून ठेवावें. २०१७ सालीं त्या संस्थेनें हा दंडक मागें घेतला, व खुद्द बर यांनींहि त्याबद्दल उघडपणें खेद दाखविला. ज्यांनीं चौदा वर्षें इतरांना आळशी ठरविलें, त्यांनीं मात्र असा खेद दाखविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमचा देश पाठांतराचा म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या वैदिकांनीं मोठमोठे ग्रंथ शतकानुशतकें मुखोद्गत ठेवले. पण त्याला छंद होता, स्वर होता, रोजची आवृत्ति होती. ज्याला अर्थ नाहीं, लय नाहीं, आणि ज्याचें काम सहा महिन्यांतून एकदां पडतें, असें अक्षरांचें कडबोळें ध्यानांत राहात नाहीं, यांत नवल कसलें? मग मनुष्य जें करतो तें शहाणपणाचेंच म्हणावें लागेल: एकच शब्द तो अनेक ठिकाणीं चालवतो. २००७ सालीं फ्लोरेन्सिओ व हर्ली यांनीं पांच लाखांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत माणशीं खातीं सुमारें २५, आणि शब्द सरासरीनें साडेसहा आढळले. खरें संकट येथें आहे. एका दुकानाची यादी फुटली कीं तीच किल्ली बँकेला लावून पाहिली जाते. २०१२ सालीं ड्रॉपबॉक्स या कंपनीच्या एका नोकराचें खातें अशाच दुसरीकडून चोरलेल्या शब्दानें उघडलें गेलें. त्या वर्षीं गेलेल्या सुमारें ६ कोटि ८० लाख खात्यांचा तपशील २०१६ सालीं बाहेर आला. धंद्यांत मुरलेल्यांची ही गत, तर गृहस्थाश्रमी माणसाची काय कथा!

पासवर्ड मॅनेजर म्हणजे या अडचणीवर काढलेली कुलुपाची वही होय. अशा पहिल्या वह्यांपैकीं एक ब्रूस श्नायर या गुप्तलेखनशास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या अखेरीस केली; आणि २००५ सालीं त्यानेंच, शब्द कागदावर लिहून पैशाच्या पाकिटांत ठेवा, असा सल्ला दिला. रोमन पाटीची आठवण व्हावी असा तो सल्ला होता. ही वही प्रत्येक खात्याकरितां लांबलचक, निरर्थक व निराळा शब्द स्वतः तयार करते व सांभाळते. मालकानें ध्यानांत ठेवावयाचा तो एक मुख्य शब्द. तो लाखों वेळां दळून त्यापासून किल्ली बनते, व तिनें वहीचें पान न् पान कुलुपांत जातें. चांगल्या वहीचा मुख्य शब्द तिच्या कर्त्यालाहि ठाऊक नसतो. आणखी एक गुण आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो: ती संकेतस्थळाचा पत्ता तपासल्यावांचून शब्द आपण होऊन भरीत नाहीं. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल माणसाला फसवील. वहीला ती बहुधा फसवीत नाहीं.

सगळीं अंडीं एका टोपलींत, हा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. २०२२ सालीं लास्टपास या कंपनीच्या भांडारांतून गिऱ्हाइकांच्या कुलूपबंद वह्यांच्या प्रती चोरीस गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द लांब व अन्यत्र न वापरलेला होता, त्यांचे शब्द त्या कुलुपामागें राहिले. ज्यांचा आंखूड होता, त्यांना धोका उरला. जुन्या कित्येक खात्यांत दळण्याची संख्या फारच थोडी ठेवलेली होती, हा दोष तर कंपनीचाच. शिवाय संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते, त्यामुळें कोणाचा व्यवहार कोठें आहे हें चोराला समजलें. तथापि साडेसहा शब्द पंचवीस दारांना लावण्यापेक्षां एक भक्कम दार नीट राखणें आम्हांस अधिक सुरक्षित वाटतें. मुख्य शब्दाकरितां परस्परांशीं संबंध नसलेले पांचसहा साधे मराठी शब्द पुरेत. कवितेची ओळ मात्र घेऊं नये, कारण ती चोरालाहि पाठ असूं शकते. आणि बँकेकडून भ्रमणध्वनीवर येणारा सहा आंकडी क्रमांक, जो रोमन परवलीप्रमाणें क्षणभरच जगतो, तो आपणच दूरध्वनीवर कोणास वाचून दाखविला, तर कोणतीहि वही आपल्याला वांचवूं शकणार नाहीं.

कॉर्बाटो यांनीं २०१४ सालीं एका मुलाखतींत, आपल्या युक्तीचें जगानें भयस्वप्न करून टाकलें असा सूर काढला. त्यांच्यापाशीं स्वतःच्या शब्दांचीं टंकलिखित तीन पानें होतीं. २०१९ सालीं ते वारले.

तसलीं तीन पानें मागें राहिलेल्यांस निदान सांपडूं तरी शकतात. कुटुंबांतील सर्व व्यवहार एकाच्या वहींत असले, आणि तिचा मुख्य शब्द त्याच्याबरोबरच गेला, तर पत्नीला व मुलांना विमा कोठें, ठेवी कोठें, हें शोधीत हिंडावें लागतें. कांहीं वह्यांत याकरितां सोय असते: आपण नेमलेल्या माणसानें मागणी करावी, आणि ठरलेल्या दिवसांत आपण हरकत घेतली नाहीं तर वही त्याच्यापुढें उघडावी. ही सोय नसेल तेथें मुख्य शब्द कागदावर लिहून, लिफाफा लाखबंद करून बँकेच्या लॉकरांत ठेवावा, व तो तेथें आहे हें घरांत दोघांना सांगावें. मुख्य शब्द बदलला त्याच आठवड्यांत लिफाफाहि बदलावा लागतो, एवढें मात्र खरें.