दामदुप्पट आणि मामूंचं कार्ड

मागच्या महिन्यात रोह्याहून मामू आले, ते पिशवीत क्रेडिट कार्डाची बिलं घेऊन. धाटावच्या कारखान्यात नोकरीला असताना एका बँकेचं कार्ड घेतलं होतं. मुलीच्या लग्नात त्यावर एटीएममधून वीस हजार रोख काढले आणि नंतर दर महिन्याला फक्त 'मिनिमम' भरत राहिले. मी पेणला उर्दू आणि मराठी शिकवतो. बँकेचं इंग्रजी हा काही माझा विषय नाही, पण शिकलेला भाचा म्हणून घरातले असले कागद माझ्याकडेच येतात. मामूंचा सवाल सरळ होता: "बेटा, वीसचे चाळीस तर कधीच देऊन झाले. अजून कसले मागतात?"

व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे सालीना बेचाळीस. त्यावर दंड आणि कर वेगळे.

मामूंना ठाऊक नव्हतं, पण त्यांचा सवाल फार जुना आहे. आपल्याकडे 'दामदुप्पट' नावाचा नियम होता. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. मूळ धर्मशास्त्रातला, पण इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. आता गंमत बघा. कोर्टांनी तो हिंदू कायद्याचा भाग म्हणून मानला, त्यामुळे त्याचा फायदा मिळायला कर्जदार हिंदू असावा लागे. हिंदू माणसाने मुसलमानाकडून कर्ज घेतलं तरी त्याला नियम लागू. पण कर्जदार मुसलमान असला की नाही. कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, याच इलाख्यात होता. एकाच सावकाराकडून एकाच दिवशी कर्ज काढलेल्या दोन शेजाऱ्यांना कोर्टात दोन वेगळे न्याय मिळू शकत होते. ज्याच्या दीनमध्ये व्याजच हराम, त्याच्या व्याजाला मात्र मर्यादा नाही!

1875 मध्ये पुणे आणि नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर 1879 चा दख्खनचा कायदा आला. कोर्टाला कर्जरोख्यामागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार त्याने दिला आणि तिथे कर्जदाराचा धर्म पाहिला जात नव्हता. पण सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. घाटाखाली नाही.

हा भेद मिटायला 1946 चा कायदा यावा लागला. मुंबई सावकारी कायद्याने ठरवलं की थकीत व्याजापोटी मुद्दलापेक्षा मोठ्या रकमेचा हुकूमनामा कोर्टाने द्यायचा नाही, कर्जदार कुणीही असो. मात्र या कायद्याच्या व्याख्येतून बँकांची कर्जं वगळलेली होती. महाराष्ट्राचा 2014 चा नवा सावकारी कायदाही बँकांना लागू नाही. शिवाय बँकिंग नियमन कायद्यात 1984 साली कलम 21-अ घातलं गेलं: व्याज फार जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्ट उकरू शकत नाही. म्हणजे गल्लीतल्या सावकाराला हद्द आहे, कार्डाला नाही. (पेणच्या माणसाला बँक म्हटलं की 2010 चा सप्टेंबर आणि पेण अर्बनचे ठेवीदार आठवतात. कर्जदाराची बाजू आपण क्वचितच बोलतो.)

एकदा वाटलं होतं की हद्द येईल. 'आवाज' या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 7 जुलै 2008 रोजी निकाल दिला, की कार्डावर सालीना 30 टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 20 डिसेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द झाला. व्याजाचं नियमन हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाचं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही. मला मामूंचं बिल समोर दिसत होतं.

मग हातात काय उरलं? रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये दिलेले निर्देश. न मागता कार्ड पाठवायचं नाही. पाठवून बिल लावलं तर ते मागे घेऊन वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. (दामदुप्पट इथे उलटी फिरली!) थकबाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये. न भरलेल्या दंडावर आणि करावर चक्रवाढ लावायची नाही. बँकेने 30 दिवसांत ऐकलं नाही तर लोकपालाकडे जाता येतं, आणि सेवेत खोट असेल तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

मामूंना खरं तेच सांगितलं. दामदुप्पट असती तरी ती थकलेल्या व्याजापुरती; आधी भरलेलं मोजलं नसतं. ते गप्प झाले. कर्जाची गोष्ट त्यांनी इतकी वर्षं मामीलाही सांगितली नव्हती. व्याज हराम म्हणून घरात त्याचं नाव निघत नाही, आणि नाव निघत नाही म्हणून विचारायचं कुणाला हेही कळत नाही.

मग बिलांतली एक ओळ मी त्यांना वाचून दाखवली. ती छापायची सक्ती बँकांवर आहे: दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत, तर कर्ज फिटायला महिने किंवा वर्षं लागतील. प्रत्येक बिलावर होती. इंग्रजीत.

बँकेला दंडावरच्या चक्रवाढीचा हिशोब मागणारं आणि बाकी एकरकमी फेडण्याबद्दल विचारणारं पत्र आम्ही त्याच रात्री लिहिलं. मामूंनी सही उर्दूत केली.