खाडीची वाट आणि पंचांगातली तिथी

मानवत तालुक्यातून जाणारी गोदावरी आपले पाणी सदैव पूर्वेकडे नेते. कोकणच्या खाडीत मात्र पाण्याची दिशा साधारण दर सहा तासांनी उलटते. पाण्याच्या या येरझारेवर कोकणची जलवाहतूक कित्येक शतके चालली.

शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर वाढली. किनाऱ्यावरच्या नद्यांची खोरी बुडाली आणि खाड्या तयार झाल्या. मुखाशी समुद्र खवळलेला असला, तरी वळणे घेत आत गेलेल्या खाडीत पाणी शांत राहते. वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी ही अशीच. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितीन दाभोळला आला आणि तिथून परतीच्या जहाजावर चढला. घोड्यांच्या व्यापाराचे मोठे बंदर अशी त्याने दाभोळची नोंद केली आहे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, पण खाडीची वाट बंद पडली नाही. गलबते आणि पडाव चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत येत. पुढचा माल कुंभार्ली घाटाने देशावर चढे.

इंजिन नसताना चाळीसेक किलोमीटर आत कसे जात असतील? भरतीचे पाणीच नावेला ओढून नेई. भरतीची लाट मुखाकडून आत सरकते, त्यामुळे आतल्या गावी पूर्ण भरती उशिरा होते. लाटेबरोबर वर जाणाऱ्या नावेला म्हणूनच सहा तासांहून अधिक काळ अनुकूल प्रवाह मिळतो. उतरताना हा लाभ कमी होतो.

आम्ही काही मित्र एका हिवाळ्यात होडीने या खाडीत हिंडलो, तेव्हा निघायची वेळ तांडेलाने घड्याळात न पाहता तिथीवरून सांगितली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास.

यामागचे गणित वर्गात सहज करून घेता येईल. सूर्य व चंद्र यांच्यातील कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी होते. पृथ्वीला ३६० अंश फिरायला २४ तास लागतात, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटे. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणून दर तिथीला ती सुमारे ४८ मिनिटे पुढे जाते. तांडेल ४५ धरतो, कारण तोंडी हिशेबाला पाऊण तास सोपा. पंधरवड्याअखेर या हिशेबात पाऊण तासाचा फरक पडतो. किनाऱ्याचा आकार आणि वारा यांनीही वेळ बदलते. त्यामुळे हा अंदाज स्थूलच समजावा.

अंदाज आणि खात्री यांतला फरक समुद्रावर महाग पडतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. प्रवास जवळचा होता, पण महिना आषाढाचा होता. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत नावा किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ती रूढी अशा अनुभवांतूनच आलेली आहे.

पुढे रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि खाडीची वाट मागे पडली. २०१६ च्या कायद्याने दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा ४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ ठरला. कायद्याने जलमार्ग जाहीर होतो, पण तो खोल राहील की नाही, हे डोंगरावरून येणाऱ्या गाळावर ठरते. वरची झाडी तुटली की खाली खाडी उथळ होते. भरतीची वेळ तिथीवरून सांगणारे तांडेलही आता थोडे उरले असतील. त्यांचे हिशेब आपण लिहून घेतले पाहिजेत, आणि ते भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडूनही पाहिले पाहिजेत. मानवतच्या शाळेतही हे करता येईल. पंचांग घरोघरी असतेच, कोष्टक तेवढे मिळवावे लागेल.